घंटा, ठोकळे आणि आम्ही दोघी

आमच्या कामातले किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. दिवसभर वस्त्यांमधून फिरून घरी यावं, भाजी चिरायला घ्यावी, आणि कुणाचं तरी एखादं वाक्य अचानक कानात वाजावं, तसे ते साठत जातात. मग विळी बाजूला सारून मी उगीच घरभर येरझाऱ्या घालते.

वसई-विरारच्या वस्त्यांमध्ये लहान मुलांची वाढ कशी होते, यावरच्या संशोधनात मी काम करते. सोबत आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडम, आणि एक खेळण्यांची पिशवी. तिच्यात ठोकळे, चेंडू, घंटा.

*

वालीवला एका खोलीत पिंकीची आई टिकल्यांची पाकिटं भरत बसली होती. घरी आणलेलं पॅकिंगचं काम. मी पिंकीपुढे ठोकळे ठेवले आणि एकावर एक रचायला सांगितले. तिने ते भराभर डब्यात भरले, झाकण दाबून लावलं, डबा आईकडे सरकवला आणि माझ्यापुढे हात केला, "और दो."

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "आपण खेळ दिलाय हे तिला कळलंच नाही. तिला वाटलं, काम आलं."

*

अर्नाळ्याला एका बाळंतिणीला आम्ही मनाबद्दलचे प्रश्न विचारत होतो. झोप लागते का, रडू येतं का, कुणाशी बोलावंसं वाटतं का. अंगणात बोंबील वाळत होते आणि दारात बसलेली सासूच सगळी उत्तरं देत होती. हिला काय धाड भरलीय, वेळेवर जेवते, झोपते.

शेवटी मॅडमनी तेच प्रश्न सासूलाच विचारले. म्हातारी थबकली. सुनेकडे बघून म्हणाली, "तू जरा पोराला घेऊन भायेर जा. मना कोनी इचारलं नव्हतं आजवर."

आम्ही तिथून निघालो तेव्हा बोंबील कधीच गोळा करून झाले होते.

*

सातिवलीतला अरमान पुढच्या तपासणीला गेलो तर गायब. खोलीला कुलूप. शेजारी म्हणाले, कारखाना बंद पडला, गेले कुठेतरी. बोलायचं वय उलटलं तरी तो बोलत नव्हता, म्हणून माझा जीव लागून राहिला होता. कुठल्याही गल्लीत शिरले की माझी नजर आधी पोरांच्या घोळक्यात त्यालाच शोधायची.

एक दिवस वालीवच्या बाजारात मागून एक बाई धावत आली. अरमानची आई. तीही आम्हाला शोधत होती. खोली बदलल्यामुळे आम्हाला पत्ता लागला नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. धापा टाकत तिने विचारलं, "बच्चा इतना खराब है क्या मॅडम, के आपने आना ही बंद कर दिया?"

*

आणि तन्वी. तीही सातिवलीचीच. तिची आई रंजना पहिल्याच भेटीत म्हणाली, "फार हट्टी आहे हो. अजिबात ऐकत नाही."

मी हसले. सगळ्याच आया हे म्हणतात.

मॅडमनी तन्वीच्या मागे घंटा वाजवली. ती चेंडूशी खेळत राहिली. पुन्हा वाजवली, जोरात. शेजारच्या गाळ्यातल्या मशीनचा आवाज फार होता, म्हणून मॅडमनी तिला मोठ्या दवाखान्यात शांत खोलीत तपासून घ्यायचं ठरवलं. तिथे कळलं, तन्वीला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

रंजना रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी हिला मारलंय हो."

कानाचं यंत्र मिळेपर्यंत बरेच महिने गेले. ते बसवलं त्या दिवशी मी सोबत होते. यंत्र सुरू झालं, खुर्ची सरकली आणि तन्वी दचकून जमिनीकडे बघायला लागली. मग पंख्याकडे. मग दाराकडे.

मॅडम हळूच म्हणाल्या, "रंजना, हाक मार तिला."

रंजनाने तोंड उघडलं आणि मिटलं. इतके महिने ती लेकीच्या खांद्याला हात लावूनच तिला वळवत आली होती. तिने मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "आता काय बोलू हिच्याशी?"

तन्वीने मान वळवली.