मेंदूची उजवी बाजू

हसणार असाल तर आत्ताच सांगा, मी चहा संपवतो आणि उठतो. कारण हे सांगताना माझं डोकं अजूनही फिरतं. आणि 'डोकं फिरलंय' असं मी नुसतं म्हटलं, तरी हल्ली आमच्या सोसायटीत लोक एकमेकांकडे बघतात! का ते कळेलच.

सुरुवात केली आमच्या ऑफिसने. राबवून घेतात ते पुरत नाही, म्हणून बुधवारी आम्हाला अंधेरीच्या एका हॉटेलात नेऊन बसवलं. विषय काय, तर रोजच्या आयुष्यात क्रिएटिव्ह कसं व्हायचं! शिकवायला कोण, तर डोक्यावर केसांचा बुचडा बांधलेले एक सर. त्यांनी एवढ्या लोकांतून नेमकं मला उभं केलं.

"डब्यात काय आणता?"

"पोळी-भाजी."

"रोज?"

"मग काय रोज हत्ती आणू?"

सगळे हसले. मला वाटलं, माझ्या विनोदाला. बुचडेवाले शांतपणे म्हणाले, "बघा, यांच्या मेंदूची उजवी बाजू बंद पडलेली आहे." पुन्हा सगळे हसले, आणि या वेळी कशाला ते मलाही कळलं.

मग उपाय. म्हणे रोजची कामं डाव्या हाताने करा. दात घासा, चहा प्या, कुलूप उघडा. उजवी बाजू आपोआप उघडते आणि भराभर कल्पना सुचायला लागतात.

एरवी असल्या माणसाला मी दारात उभा करत नाही. पण शनिवारी आमची कॅरमची फायनल होती! मुलुंडला आमच्या सोसायटीत दोन विंगा. डबल्सच्या फायनलला दरवर्षी आमची ए विंग आणि समोरची बी विंग, आणि दरवर्षी हरणार आम्ही. चषक त्यांच्या लिफ्टशेजारी काचेच्या कपाटात ठेवलेला असतो. त्यांचे ते पाटणकर मला मुद्दाम हाक मारून विचारतात, "काय दिघे, दर्शनाला आलात?" असा संताप होतो! त्या चषकासाठी वर्षभर मी लग्नकार्यं टाळून सराव केला होता. म्हटलं, बोर्डवर उजवा हात आहेच. बाकीची कामं डाव्याने करून डोक्यात दोन नवे अँगल आले, तर कुठे बिघडलं?

कसली अवदसा आठवली मला!

गुरुवारी सकाळी डाव्या हाताने दात घासले. अर्धी पेस्ट नाकात. मग दाढी. आता तुम्हीच सांगा, डाव्या हाताने दाढी करावी असं शहाण्या माणसाला सुचेल? ओठाच्या कडेला चांगलं कापलं. वर चिकटपट्टी लावली, तर तोंडाचा एक कोपरा ओढला जाऊन वरच राहिला.

बायको म्हणाली, "अहो, आरशात बघा जरा."

मी म्हटलं, "क्रिएटिव्ह माणसं आरशात बघत नाहीत."

निघालो. उजवा हात सवयीने सारखा पुढे धावत होता, म्हणून तो खिशात कोंबून टाकला. लिफ्टमध्ये शेजारच्या कुलकर्णीवहिनी. मी बॅग काखेत धरून डाव्या हाताने बटण शोधतोय, ते सापडत नाहीये.

"भावोजी, हाताला काय झालं हो?"

"हाताला काही नाही. मेंदूची उजवी बाजू बंद पडलीय." चिकटपट्टीमुळे शब्दही वाकडेच बाहेर पडत होते. "आता सगळं डाव्या हाताने करायचं. मग हळूहळू सुरू होईल म्हणाले."

वहिनींच्या हातातली कोथिंबीर खाली पडली. मला वाटलं, माझी जिद्द बघून भारावल्या!

संध्याकाळी घरी आलो, तर दारात चपलांचा ढीग. आत अर्धी ए विंग बसलेली. टेबलावर शहाळी, मोसंबी, पपई. आणि मधोमध चेंबूरहून धावत आलेली माझी धाकटी बहीण, मांडीवर तेलाची बाटली घेऊन रडतेय.

"दादा, एवढं मोठं दुखणं झालं आणि मला कळवलं नाहीस?"

"कसलं दुखणं?"

"बघा! याला आठवतही नाही!"

असं म्हणून तिने माझा उजवा हात धरला आणि रगडायलाच लागली. मी ओरडलो, "सोड! मला काहीही झालेलं नाही!"

कुलकर्णीवहिनी हळूच म्हणाल्या, "अर्धांगाच्या झटक्यानंतर चिडचिड होतेच."

"नाही हो," बायको म्हणाली, "ही लग्नापासून आहे."

मी बायकोला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, तू खरं का नाही सांगत त्यांना?"

"सांगितलं की! दुपारपासून सांगतेय. सगळ्या म्हणतात, किती धीराची बाई!" आणि ओढणी तोंडावर धरून ती अशी काही हसायला लागली, की बाहेरून कुणीतरी म्हणालं, "मोकळी होऊ दे तिला."

तेवढ्यात सावंत आला. हा माझा कॅरमचा पार्टनर. म्हटलं, चला, एक तरी शहाणा माणूस आला. तर तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतो कसा, "दिघे, तू टेन्शन घेव नको. तुझो हात आधी बरो होवंदे. विक्रोळीचो मेवणो आसा आमचो, बाबल्या. तो खेळतलो."

म्हणजे माझ्या जागेवर? वर्षभर बोटं मी सोलून घेतली आणि फायनल बाबल्या खेळणार?

"बोर्ड आण," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता आण! दाखवतो तुला माझा हात."

हॉलमध्ये बोर्ड मांडला. सावंतने पॉकेटच्या तोंडाशी क्वीन ठेवली. इतकी सोपी, की फुंकर मारली असती तरी आत गेली असती. सगळे श्वास रोखून उभे. मी स्ट्रायकर घेतला, आणि रागाने माझा हात लटलट कापायला लागला. मारला. स्ट्रायकर गेला पॉकेटमध्ये. क्वीन जागच्या जागी.

"हात थरथरतोय," कुणीतरी कुजबुजलं.

"रागाने थरथरतोय!"

"हो हो, रागानेच," सगळे एका सुरात म्हणाले. तान्ह्या बाळाशी बोलतात ना, तसे! माझ्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. तर बहीण म्हणते, "रडूही आवरत नाही त्याला." यार, माणसाने चिडायचं नाही, रडायचं नाही, मग करायचं काय?

शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये फायनल झाली. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, अंगावर शाल घातली. मी दात-ओठ खात बसलो. बाबल्या आला, पावडर भुरभुरवली, स्ट्रायकर उचलला आणि डाव्या हाताने मारला!

मी शालीसकट उभा राहिलो. "सावंत! हा डावरा आहे?"

"जल्मापासना."

बी विंगवाल्यांना त्याचा खेळच कळेना. कुठून मारतोय, कुठे जातंय! पाटणकर घाम पुसत राहिले आणि आम्ही जिंकलो. आम्ही म्हणजे ते. चषक ए विंगमध्ये आला, आणि बाबल्याने उचलून आणला. जाता जाता पाटणकर मला म्हणाले, "काय सुंदर अँगल काढतो हो! याला म्हणतात क्रिएटिव्ह!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाबल्याला विचारलं, "एवढं सगळं शिकलास कुठे?"

"शिकायचं काय त्यात, दादा?" तो लाजून म्हणाला. "आपल्या डाव्या हातचा मळ."

आता बोला! पुढ्यात बटाटेवड्यांचं ताट आलं. राग कशावर तरी काढायचा म्हणून मी उजव्या हाताने एक अख्खा वडा उचलला आणि तोंडात कोंबला.

सगळा हॉल माझ्या उजव्या हाताकडे बघायला लागला. मग ए विंग, बी विंग सगळी उठून उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबल्याला मिळाल्या, त्याच्या दुप्पट!