आठ मीटर

"घड्याळ खोटं बोलत न्हाई मराठीवाले, माणसं बोलतात."

हे म्हणताना आमचे खेळाचे सर गळ्यातलं स्टॉपवॉच मुठीत धरून कानाशी न्यायचे. ते घड्याळ बॅटरीचं, त्याचा आवाज कसला येणार? तरी न्यायचे, आणि काहीतरी ऐकू आल्यासारखी मान हलवायचे. मी मराठी शिकवायचो म्हणून 'मराठीवाले'. माझं नाव त्यांनी वीस वर्षांत चार-पाच वेळा घेतलं असेल, तेही हजेरीपटावर सही करायला बोलावताना.

जळकोटच्या पुढं सहा-सात किलोमीटरवर आमची शाळा, पाचवी ते बारावी. सर तिथं सगळं मोजायचे. हेडमास्तरांचं पंधरा ऑगस्टचं भाषण, एसटी किती वेळ थांबली ते, माझ्या लागोपाठच्या शिंका. एका सहकाऱ्याच्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर ते माझ्या कानात म्हणाले, "लई ताणलं भटजीनं. नवरदेव दोनदा पाय बदलला." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा आधी वैताग येतो, मग सवय लागते, आणि मग ती नसली की दिवस कसा गेला तेच कळत नाही.

परिपाठाला ते रोज एका खेळाडूची गोष्ट सांगायचे. पायात बूट नसताना बेचाळीस किलोमीटरची शर्यत जिंकलेला आफ्रिकेतला शिपाई. लहानपणी पाय लुळा पडलेली आणि पुढं जगात सगळ्यांत जोरात पळालेली मुलगी. डोळ्याचं पातं लवायला लागतो त्याहून कमी वेळानं पदक हुकलेली धावपटू. त्यांची रीत अशी, की नाव शेवटी सांगायचं, तोवर पोरांनी ओळखायचं. माझ्यासारख्याला नावं लक्षात राहिली नाहीत, गोष्टी मात्र राहिल्या. कारण सर त्या सगळ्यांना आमच्या शिवारात आणून सोडायचे. त्या अनवाणी शिपायाला त्याची आई फडक्यात भाकरी बांधून द्यायची.

"सर, आफ्रिकेत भाकरी?" मी एकदा विचारलं.

"भूक असती का न्हाई तिथं? मग भाकरीबी असती."



अशा गोष्टी ऐकत आमची शीतल मोठी झाली. गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, काटक, कमी बोलणारी. चारशे मीटर पळायची. सर तिच्यासाठी सकाळ-संध्याकाळ राबायचे, स्वतःच्या मुलांसाठीही इतके राबले नसतील. ती बारावीला गेली, अठरा पूर्ण झाली आणि घरात स्थळ आलं. मुदखेडकडचं, चांगलं, बागायती. सर मला घेऊन तिच्या वडिलांकडं गेले.

"पाटील, एक वरीस द्या. पोरगी राज्यात जाती."

"सर, तुमी म्हणताव खरं. पण पळून कुणाचं भलं झालंय?"

सरांनी त्यांना मैदानावर यायला लावलं, घड्याळ त्यांच्याच हातात दिलं आणि शीतलला पळवलं. आदल्या वर्षी राज्यात पहिल्या आलेल्या मुलीपेक्षा कमी वेळ भरला. वडिलांनी ते आकडे वाचले, घड्याळ सरांच्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "ठीक हाय. लातूरला जिल्ह्यात पहिली आली तर थांबतो, पुण्याला बी धाडतो. न्हाई आली तर पाडव्याला लगीन. पुन्हा माझ्या दारात यायचं न्हाई." सरांनी हो म्हटलं. त्यांना कसली शंकाच नव्हती.

आता ते मैदान कसं आखलं गेलं होतं, ते सांगायला हवं. सांगायला जड जातं, पण सांगतो.

त्याच्या दोन वर्षं आधी सरांना निवडणुकीच्या ड्युटीवर धाडलं होतं. जाताना मला म्हणाले, "मराठीवाले, तेवढा ट्रॅक आखून घ्या पोरांकडून. दोरी बरोबर पन्नास मीटरची हाय, आठ वेळा टाकायची. पहिलीतलं पोरगं बी करील." दोरी खिचडीच्या तांदळाच्या खोलीत असायची. तिथं उंदरांना काय कमी? बघतो तर दोरी दोन ठिकाणी कुरतडलेली. मी कुजका भाग कापला, दोन गाठी मारल्या आणि टाकली आठ वेळा. दोरी मीटरभर तरी कमी झाली असेल. ती आठ वेळा कमी होते, हा हिशोब माझ्या डोक्यातही आला नाही. पोरांनी चुन्याची फक्की टाकली, खुंट्या ठोकल्या. सर परत आले, म्हणाले, "झकास." पुढं दरवर्षी त्याच खुंट्यांवरून फक्की पडत गेली. दोरी कुणीतरी म्हशीला बांधायला नेली. तालुक्याच्या स्पर्धाही आमच्याच मैदानावर झाल्या, त्यामुळं कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

लातूरला मी बरोबर होतो. वडीलही आले होते, नवा फेटा बांधून. शीतल पहिल्या वळणापासून पुढं होती. शेवटच्या सरळ पट्ट्यातही ती तीन-चार ढांगा पुढंच होती. आणि मग तिनं छाती पुढं टाकली, सरांनी शिकवली होती तशी, सगळा जीव काढून. पण फीत अजून पुढं होती. तिच्या पायांना जिथं शर्यत संपते असं माहीत होतं, तिथं ती संपली. पुढच्या काही ढांगा ती नुसती कोलमडत गेली. तीन मुली तिच्या बाजूनं निघून गेल्या. शीतल चौथी आली.

ती रडली नाही. वळून मागं, त्या जागेकडं बघत राहिली.

वडिलांनी सरांना हात जोडले आणि लेकीला घेऊन स्टँडकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी रस्त्याच्या कामावरच्या माणसाकडून लोखंडी टेप आणला. सकाळच्या उन्हात दोघांनी मिळून मैदान मोजलं. टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. आठ मीटर कमी. सर तिथंच फक्कीच्या रेघेवर बसले. म्हणाले, "घड्याळ खरं होतं मराठीवाले. मीच जमीन मोजली न्हाई. दोरीवर इस्वास ठेवला. दोरी किती जुनी, ताणून तरी बघायची व्हती मी."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. वाटलं, आत्ता नको, उद्या सांगू. उद्या वाटलं, आता सांगून काय होणार? मला माझी लाज वाटत होती, आणि दिवस जातील तशी ती वाढतच गेली.

सर शीतलच्या घरी गेले. चूक माझी आहे, पोरीला आणखी एक संधी द्या, म्हणून वडिलांच्या पायाशी वाकले. वडिलांनी त्यांना उठवून उभं केलं. "सर, शब्द झालता आपला." पाडव्याला लग्न झालं. सर मांडवात वाढायला होते. त्या दिवशी त्यांनी काही मोजलं नाही.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सर गेले. शाळेत शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं. मी भाकरीची गोष्ट सांगितली, लोक हसले, काहीजण रडलेही. सभा संपल्यावर मागच्या रांगेतून एक बाई पुढं आली. शीतल. मुदखेडकडून आली होती. अंगानं भरलेली, कडेवर लेकरू.

"बरी हायस ना?"

"बरी हाय सर. आता कुठलं पळणं? म्हैस सुटली तर तेवढं."

मग तिनं जे सांगितलं, ते मला माहीतच नव्हतं.

"सर दरवर्षी दिवाळीला यायचे आमच्याकडं. मुदखेडला उतरून चालत. दारात उभं राहायचे. 'पोरी, माझ्यामुळं झालं' म्हणायचे. मी म्हणायचे, सर, सोडा की आता, मी काय तुमच्यावर रुसून राहिले व्हय? आत या, चहा घ्या. तर म्हणायचे, 'तुझ्या घरात यायचं तोंड न्हाई मला.' बाहेरूनच लेकराच्या हातात काहीतरी देऊन जायचे. एकदा बी उंबरा ओलांडला न्हाई."

मला तिथं उभं राहवेना. कोण ऐकतंय, कोण नाही, हे न बघता मी तिला सगळं सांगून टाकलं. उंदीर, दोरी, दोन गाठी. गाठी मी मारल्या, आणि सरांना हे शेवटपर्यंत कळलं नाही.

ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं लेकरू एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हे तुमी सरांना सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर ते आत येऊन चहा पिले असते."