जांभळी बोटं

कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेशी तिचा संबंध फारसा आला नव्हता, पण कुणाची चकाकीच्या लेपाची फवारणी जाड झाली की ही लांबून ओरडणार, "अगं, ग्लेझ मारतेयस की भिंत लिंपतेयस?" आमच्या कामगार बायकांच्या संघटनेला अशी जीभ हवीच होती. पण मोर्चाला चल म्हटलं की बाई मागे सरायची. "पेपरात फोटो आला म्हणजे?"

मला वाटायचं, मालकाला भिते. मालकाला कसली भिते! तिला धाक होता नात्यागोत्याचा. कारखान्यात बनायचे कमोड आणि वॉशबेसिनं, आणि गल्लीत, मुलाच्या सासरी तिनं सांगून ठेवलं होतं, "कपबश्यांवर काम करते." कमोडावर ग्लेझ मारून मुलगा शिकवला, आणि त्याच कमोडाचं नाव निघालं की मान खाली. मी यावरून तिच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, "बसतात सगळे, आणि लाजायचं तेवढं बनवणारीनं होय?" ती खो खो हसली. मोर्चाला मात्र आली नाही.

मग सोनेरी काठाचं बेसिन आलं. एका मोठ्या हॉटेलाला नमुना हवा होता. लस्टरचं, म्हणजे सोनेरी मुलाम्याचं, काम तिथं कुणीच केलेलं नव्हतं. हात थरथरत नाही म्हणून सुपरवायझरनं हिलाच निवडलं. जोडीला बुटकी. बुटकी म्हणजे तिची जिवाची मैत्रीण. डबा एकत्र, रुसवेफुगवे एकत्र.

लस्टर म्हणजे बाटलीतलं तपकिरी पातळ, वासानं डोकं भणभणावं असं. "हे सोनं?" बुटकी म्हणाली. "हे तर गुडघा फुटल्यावर लावायचं औषध दिसतंय." भाजून चकचकीत झालेलं बेसिन स्पिरिटनं पुसायचं, काठावर ब्रशनं पातळ हात द्यायचा आणि पुन्हा मंद भट्टीत घालायचं. रंग उघडतो तो भट्टीतच. पुसट बोट लागलं तर तिथं सोनेरी नाही, जांभळा डाग उमटतो, आणि ते आधी कळत नाही. म्हणून हातमोजे काढायचे नाहीत, असं सुपरवायझरनं बजावून ठेवलं होतं. ते हातमोजे संघटनेनं भांडून मिळवलेले, हेही तिला पक्कं ठाऊक. तरी ब्रश घसरतो म्हणून तिनं उजव्या हातातला काढलाच.

काठ झाला सुरेख. बेसिन भट्टीच्या फळीवर सरकवताना तिनं त्याच उघड्या हातानं बेसिनच्या पोटावरून हात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. बोटांना लस्टर लागलेलं होतं, ते तिच्या ध्यानात नव्हतं.

"आता पापी घे त्याची," बुटकी म्हणाली. "हातमोजा कुठाय तुझा?"

त्या दिवशी घरी जाऊन तिनं नव्या सुनेला सांगितलं, "उद्या माझ्या कामावर ये. सोन्याचं काम दाखवते." सून बँकेत नोकरीला, माहेर शिकल्यासवरल्यांचं. कमोडांची रांग तिला दिसणारच होती. पण सोन्यापुढे ती कोण बघतंय, असा हिचा अंदाज.

भट्टी उघडली. काठ लखलखत होता. आणि खाली पांढऱ्याशुभ्र पोटावर चार जांभळी बोटं, फरपटत गेलेली.

"हातमोजा कुणी काढला होता?" सुपरवायझरनं विचारलं.

सून शेजारीच उभी. मास्तरणीनं बुटकीकडे हात केला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हिचा हात लागला असेल, फळीवर चढवताना."

बुटकीनं तिच्याकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. "हो," म्हणाली, "माझाच लागला असणार. मी आहेच धांदरट."

सुपरवायझरनं तिला सगळ्यांदेखत झाडलं आणि उद्यापासून पॅकिंगला जा म्हणून सांगितलं. पॅकिंग म्हणजे दिवसभर पेंढा आणि धूळ. बुटकीला दमा.

दोघी गेटपर्यंत आल्या. तिथं सून म्हणाली, "आई, तुम्ही कमोडचं काम करता हे मला लग्नाआधीच यांनी सांगितलं होतं." आणि पुढे, "त्या मावशींना बरं नसतं का हो? बोलताना धाप लागत होती."

"ताई, टोमणा मारला असता तर मीही चार शब्द सुनावले असते," हे सांगताना मास्तरीण मला म्हणाली. "पण ती सरळ विचारत होती हो."

ती तशीच मागे फिरली. सून पाठोपाठ. सुपरवायझरच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली, "बोटं माझी आहेत. हातमोजा मी काढला."

"मग तुम्ही जा पॅकिंगला," तो म्हणाला. "मला काय, एक बाई हवी तिथं."

बुटकी दाराबाहेर उभी होती. मास्तरणीनं तिचा हात धरायला हात पुढे केला. बुटकीनं आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"सुनेपुढे तुझी लाज मी राखली," ती म्हणाली. "माझी कुणी राखली गं?"

मास्तरीण आता पॅकिंगला आहे. एरवी मी कुणाला विचारायला थांबले नसते, थेट केबिनमध्ये घुसले असते. या वेळी विचारलं. म्हणाली, "नको ताई. याच्यासाठी नका भांडू."

दुपारी बुटकी डबा घेऊन पलीकडच्या बाकावर बसते. मी मास्तरणीला म्हटलं, हाक तरी मार. अशी ओरडून बोलणारी बाई, पण पुटपुटली, "कुठल्या तोंडानं मारू?" आणि पेंढ्याची पुढची पेंडी सोडायला लागली.