मुखरू क्लॅरनेटवाल्याच्या दातांचं माप

माहा राग चंद्रपुरातल्या सगळ्या दातांच्या डॉक्टरायले माहीत हाये. चौतीस वर्षं झाली, मी दात बनवतो. डॉक्टर तोंडातलं माप घेऊन पाठवते, मी त्याच्यावरून प्लास्टरचा जबडा ओततो अन् त्या जबड्यावर दात उभे करतो. माप खराब आलं तं मी ते तसंच परत धाडतो, वरून फोन करून चार गोष्टी सुनावतो. लोक म्हणतात, खुशालभाऊच्या नादी लागू नका, पण हात सोन्याचा हाये. हे ऐकून ऐकून मी डोक्यावर चढलो होतो. मुखरूचं वाटोळं झालं तवा उतरलो.

मुखरू चामोर्शीचा. बँड पार्टीत क्लॅरनेट वाजवे. मार्कंड्याची जत्रा असो का मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातलं लग्न, मुखरू आला म्हणजे लोक जेवण सोडून मांडवात येत. काळा, उंच, बोलायले मजाकी. कोणी म्हणलं, 'मुखरूभाऊ, एक गाणं होऊ द्या,' तं हा म्हणे, 'होऊ देतो, पण नवरदेव पळाला तं मले सांगू नका.'

पण त्याचं खरं वाजवणं वर्षातून एकदाच. सोळा ऑक्टोबरले त्याच्या वस्तीतले लोक टेम्पो करून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर येतात. बाबासाहेबांनी इथी दीक्षा दिली तवा मुखरूचा आजा त्या गर्दीत होता. तवापासून त्याइच्या वस्तीची रीत पडली की बुद्धवंदना म्हणायच्या आधी ती क्लॅरनेटवर वाजली पायजे. तीस वर्षं त्याच्या बापानं वाजवली, मंग पंचवीस वर्षं मुखरूनं. मी स्वतः ऐकली हाये. राजा, अंगावर काटा येत होता.

खाल्लं त्याले खर्र्यानं. सुपारी, तंबाखू अन् चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला खर्रा आमच्याकडं पोरं मिसरूड फुटायच्या आधी धरतात. मुखरूनंही धरला. पन्नाशीत वरचे सगळे दात गेले, अन् गालाचं आतलं कातडं आखडून तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं. क्लॅरनेटची चोच जाईन एवढं तोंड होतं, पण ती चोच वरच्या दातांनी धरावी लागते, अन् दातच नव्हते. मी कवळी करून देल्ली. फुंक मारली का कवळी खाली.

"खुशालभाऊ," तो म्हणे, "मी वाजवून राह्यलो का कवळी सांभाळून राह्यलो, मलेच समजत नाई."

हसला, पण डोळ्यात पाणी होतं.

हर्षा मॅडम आमच्याकडची नवी डॉक्टर. पोरगी हुशार. तिनं त्याले सांगतलं, हाडात चार स्क्रू बसवू, त्याच्यावर वरच्या दातांची अख्खी ओळ पक्की कसू, मंग फुंका किती फुंकता ते. अट एकच, खर्रा बंद. मुखरूची पोरगी दीपाली नागपूरले नर्स हाये, तिनं सगळं जमवलं. अन् मुखरूनं खर्रा सोडला! चाळीस वर्षांची सवय एका दिवसात. बायको कमळा महिनाभर त्याचे खिसे तपासत होती, काई सापडलं नाई. महाशिवरात्रीच्या जत्रेच्या आधी स्क्रू बसले. जुलैत हाड पक्कं झालं अन् माप घ्यायची वेळ आली.

इथीच माहं अन् मॅडमचं जुंपलं.

जुनी रीत अशी. चारही स्क्रूवर लांब खुंट्या लावायच्या, त्या तोंडातच घट्ट होणाऱ्या लाल मसाल्यानं एकमेकीले जखडायच्या, मंग वरून मापाचा ट्रे दाबून माप काढायचं. खुंटी हलत नाई, माप खोटं बोलत नाई. पण त्याले तोंड तीन बोटं उघडावं लागते. मॅडमजवळ कॅमेरा होता. बारीक दांडी तोंडात फिरवायची, ती फोटो काढत जाते अन् कॉम्प्युटर ते फोटो जोडून जबडा उभा करते. दोन बोटांच्या तोंडातही जाते.

"मॅडम, एकदोन दातांसाठी तुमचा कॅमेरा ठीक," मी म्हणलं. "अख्ख्या बोळक्या जबड्यात तो रस्ता चुकते. हिरडी ओली, गुळगुळीत. एक फोटो दुसऱ्याले जोडता जोडता शेवटच्या स्क्रूपर्यंत केसभर फरक पडन. अन् केसभर फरक म्हणजे दात धरणारी धातूची पट्टी डुगडुगन."

"मला माहीत आहे, काका," ती म्हणे. "म्हणून मी मधल्या हिरडीवर खुणा चिकटवते. दोनदा स्कॅन करते, दोन्ही ताडून पाहते. आणि खुंट्यांवरून ट्रे जाण्याएवढं त्यांचं तोंड उघडतच नाही, तर दुसरं करणार काय?"

तिचं बरोबर होतं. मले ते झोंबलं.

तिनं स्कॅन केलं, त्याच्यावरून प्लास्टिकचा जबडा छापून माह्याकडं पाठवला. मी त्याच्यावर मेण लावून पट्टी घडवली, धातूत ओतली, घासली, चमकवली अन् धाडून देल्ली. या पट्टीवरच पुढं दात बसणार होते. ऑगस्टच्या पहिल्या हप्त्यात मॅडमनं ती मुखरूच्या तोंडात लावली. मी मुद्दाम जाऊन उभा राह्यलो. तिनं एका टोकाचा स्क्रू आवळला, अन् दुसरं टोक उचललं. पट्टी डुगडुगली.

सांगतो, मले आनंद झाला. पेशंट समोर तोंड वासून बसला हाये अन् मले आनंद!

"पाह्यलं?" मी म्हणलं. "म्हणलं होतं का नाई?"

मॅडमनं पट्टी हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली. "काका, ही मी पाठवलेल्या मॉडेलवर बसवून पाहिली होती ना तुम्ही?"

"पाहिली," मी म्हणलं.

"मग आपण परत स्कॅन करू."

"तुम्ही करा. मी कॅमेऱ्याच्या मापावर आता हात लावणार नाई. दुसरा कारागीर पाहा."

दुसरा कारागीर कुठी होता? एवढी लांब पट्टी ओतणारा चंद्रपुरात मी एकटाच, हे तिलेही माहीत, मलेही माहीत. ती म्हणे, नागपूरले विचारते. मुखरूनंच तिले थांबवलं. "मॅडम, खुशालभाऊ म्हणते तसं करू. त्याइचा हात हाये."

मी त्याले बाहेर नेलं. "तोंड तीन बोटं उघडलं तं मी तुले असे दात देतो का मेल्यावरही पडणार नाई. बोल."

"उघडतो," तो म्हणे.

माहा साळा आलापल्लीले लाकडाच्या कामावर हाये. त्याच्याकडून सागवानाचा तुकडा आणून मी एक पाचर घडवली. निमुळती, घासून गुळगुळीत, कडेले दहा खाचा. दोन्ही जबड्यांच्या मधात घालायची, रोज दहा मिनिटं, हप्त्यात एक खाच पुढं. मॅडमले सांगतलं नाई. ती नाई म्हणली असती म्हणूनच सांगतलं नाई.

मी हप्त्याले एक खाच म्हणलं होतं. पण मुखरूले सोळा ऑक्टोबर दिसत होता. दोन दिवसांनी फोन केला का तो म्हणे, तिसऱ्या खाचेवर हाव. मी म्हणलं, शाब्बास! दुखते का विचारलं नाई. कमळाबाईनं मागून फोन घेतला, "भाऊ, उशीवर रगत येते." मी म्हणलं, "बाई, थोडं तं येणारच. लढाईवर निघाला हाये तुमचा माणूस."

सप्टेंबरात तो मॅडमच्या दवाखान्यात आला, मीही गेलो. खुर्चीत बसला. मी ट्रे घेतला, तोंड उघड म्हणलं. उघडलं तं एक बोट.

गाल आतून फाटले होते, अन् जखम भरताना दोरीसारखे कडक होऊन आखडले होते. मॅडमनं टॉर्च मारून पाह्यलं अन् खालीच बसली. ट्रे तं सोडाच, आता कॅमेराही जात नव्हता, स्क्रू कसायची किल्लीही जात नव्हती. नागपूरले ऑपरेशन होते म्हणे, पण कापलेलं परत आखडू शकते. मुखरूनं हात जोडले. "आता कापाकापी नको."

चार स्क्रू हाडात तसेच राह्यले.

मी मनाले समजावत होतो. कॅमेऱ्यानं घात केला, खर्र्यानं घात केला, मुखरूनं घाई केली. ऑक्टोबरच्या दहा-बारा तारखेले टेबलाचा खण साफ करताना तो प्लास्टिकचा जबडा हाती लागला. मॅडमनं परत धाडलेली पट्टी बाजूलेच पडली होती. सहज बसवली. तिथीही डुगडुगली.

अरे देवा! ज्या जबड्यावर घडवली त्याच जबड्यावर जर पट्टी बसत नाई, तं चूक मापाची कशी? चूक पट्टीची. भिंग लावून पाह्यलं. शेवटच्या स्क्रूच्या बैठकीत, आतल्या अंगानं, धातूचा एक दाणा होता. खसखशीएवढाही नाई. ओतताना बुडबुडा राहिला तं असा दाणा येते, शिकाऊ माणसालेही माहीत हाये. मॉडेलवर एकदा बसवली असती तं तवाच दिसला असता. पण मी बसवलीच नव्हती. प्लास्टिकच्या खेळण्यावर काय बसवून पाहायचं, असं म्हणून डब्यात घातली होती. अन् मॅडमनं विचारलं तवा तोंडावर खोटं बोललो होतो. नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच.

मी तो दाणा घासला. दोन मिनिटं लागली. पट्टी चारही स्क्रूवर अशी बसली का नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. मॅडमचं माप केसभरही चुकलं नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

मॅडमले जाऊन सांगतलं. ती रागावली असती तं बरं झालं असतं. एवढंच म्हणे, "काका, मी विचारलं होतं तुम्हाला."

सोळा तारखेले सकाळीच दीक्षाभूमीवर गेलो. पट्टी रुमालात बांधून खिशात. चामोर्शीचे लोक पांढऱ्या कपड्यात बसले होते. मुखरूच्या मांडीवर क्लॅरनेट होता. आणला कायले, मले विचारवलं नाई. पुतण्या मिथुन बाजूले बसून कॅसिओवर सूर जुळवून राह्यला होता, या वर्षी वंदना त्याच्यावर होती.

मी मुखरूच्या समोर खाली बसलो. रुमाल सोडला अन् सगळं सांगतलं. दाणा, मॉडेल, खोटं बोललो ते. सगळं.  त्यानं पट्टी हातात घेतली.

"आता बसते?" एका बोटाच्या तोंडातून शब्द दबून येत होते.

"बसते."

"हलत नाई?"

"नाई हलत."

"म्हणजे ऑगस्टातच बसली असती."

मी हो म्हणून मान हलवली.

त्यानं पट्टी परत रुमालात ठेवली, रुमालाची गाठ मारली अन् माह्या हातात देल्ली. मिथुननं कॅसिओवर वंदना वाजवायले सुरू केली. मुखरूची बोटं क्लॅरनेटच्या भोकांवर बसली, दोनचार वेळा उचलली, अन् मंग त्यानं तो कमळाबाईकडं देऊन हात जोडले.

"मुखरू," मी म्हणलं, "मले शिव्या दे. चार लोकायसमोर दे. मार तरी."

त्यानं माह्याकडं पाह्यलं. जुनी मजाक करतानाचं हसू ओठावर आलं, पण ओठ ताणले गेले नाई.

"शिव्या द्यायलेही तोंड उघडावं लागते, भाऊ," तो म्हणे. मंग वंदना म्हणायले सुरुवात झाली अन् सगळे उभे राह्यले.