सर, प्रश्न आहेत, गाडी नाही

आमच्या दूरशिक्षण केंद्राचे कागद दर पाच वर्षांनी रद्दीत जायचे. असल्या गोष्टी मात्र कुठल्याच फायलीत लागत नाहीत, म्हणून माझ्याकडेच साठत गेल्या. दोन हजार सालानंतर कोल्हापुरात ऑनलाइन बी.ए.चे क्लास सुरू झाले, तेव्हा मी तिथं कोऑर्डिनेटर होते. सर पुण्याहून शिकवायचे. निम्मे विद्यार्थी माजी सैनिक, बाकी कुणीही.

*

तोफखान्यातले हवालदार शिवाप्पा महिनाभर हेडफोन लावून मान डोलवत बसले. वही कोरीच. त्यांचा डावा कान तोफेच्या आवाजानं गेलेला, आणि आमचा हेडफोन वाजायचा फक्त डाव्या बाजूनं.

"अहो, सांगायचं नाही का?"

"फौजेत कान गेलाय म्हटलं की घरी धाडत्यात, मॅडम. हितनंबी धाडशीला म्हणून गप बसलो."

मी हेडफोन उलटा करून त्यांच्या डोक्यावर घातला. एवढंच करायचं होतं.

*

नंदा कांबळे अंगणवाडी सेविका. चंदगडच्या नेट कॅफेतून क्लासला बसायची. शेवटी प्रश्नांची वेळ आली की रोज गायब. सर चिडले, "यांना इंटरेस्टच नाही."

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू होताच तिनं टाइप केलं, "सर, प्रश्न आहेत. गाडी नाही." तिच्या गावाची शेवटची एसटी पाचला सुटायची, आणि प्रश्न सुरू व्हायचे पाचला.

सरांनी वेळ बदलून मागितली. वरून उत्तर आलं तोवर नंदानं नाव काढून घेतलं होतं.

*

निवृत्त सुभेदार पाटील पासवर्ड विसरले. कॉम्प्युटरनं ओळख पटवायला मुलीची जन्मतारीख विचारली, फॉर्म भरताना फौजेच्या कागदावरून उतरवलेली.

"पोरगी झाली तवा मी बॉर्डरवर. पत्र हातात पडलं तवा ती तीन महिन्यांची हुती."

मग त्यांनी माझ्यासमोरच मुलीला फोन लावला. "बाळ, तुझी जन्मतारीख काय गं?"

फोन कानावरून काढून खिशात घातला.

"ठेवला तिनं," म्हणाले. "नवा पासवर्ड दुसऱ्या कशानं मिळतोय का बघा की."

*

नाईक मारुती फौजेतून आल्यावर कागलच्या एमआयडीसीत वॉचमन होते. त्यांची हजेरी पूर्ण भरलेली, पण परीक्षेचा फॉर्म आला नाही. मी घरी फोन केला. बायकोनं उचलला.

"ते गेलं की, मॅडम. दोन म्हैनं झालं. हार्ट अटॅक."

"मग क्लासला त्यांच्या नावानं कोण बसतंय?"

"मीच की. कॅफेतली पोरगी उघडून देती."

"तुम्हाला समजतं का त्यातलं?"

"न्हाय. पन सर नाव घेऊन इचारत्यात त्यांना."

शुक्रवारी मी केंद्रात मागच्या खुर्चीवर बसून क्लास ऐकला. धडा संपल्यावर सरांनी नेहमीसारखं विचारलं, "मारुतीराव, समजलं का?"

जरा वेळानं स्क्रीनवर अक्षरं उमटली, "व्हय सर."