तारवाल्याच्या फेऱ्या
माझ्या मामाइतका शहाणा माणूस अख्ख्या पंचवटीत नव्हता, असं मामाचंच मत होतं. वडील गेल्यावर आई आणि मी त्याच्या घरी आलो, आणि वडिलांनी माझ्या नावावर ठेवलेले मुंबईच्या एका गिरणीचे शेअर त्याच्या ट्रंकेत गेले. ते विकून मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं. जागा मिळाली होती, फी जूनच्या आत भरायची होती. विकायला सही माझी लागणार होती, पण ट्रंकेची किल्ली मामाच्या जानव्याला.

त्या उन्हाळ्यात भाव चढत होता. मी रोज म्हणायचे, "मामा, आता विका." त्यावर मामा शास्त्र सांगायचा. भाव वाढला आणि सौदेही वाढले, तर वाढ खरी, थांबायचं. नुसताच भाव वाढला, तर वाढ पोकळ, विकून मोकळं व्हायचं. शास्त्र खोटं नव्हतं, हे मी आजही कबूल करते. खोट मामात होती. आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रात भाव छापून यायचे, सौदे किती झाले ते नसायचं. आमच्या गल्लीतल्या शेअर दलालाला मुंबईहून तारा यायच्या. तेव्हा मामा समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर बसायचा आणि तारवाला शिपाई जितक्यांदा सायकलवरून उतरेल तितक्या रेघा पंचांगाच्या कोऱ्या पानावर ओढायचा. जास्त तारा म्हणजे जास्त सौदे! चार पावलं चालून दलालालाच विचारणं त्याला कमीपणाचं वाटे.

"शुक्रवारपर्यंत रेघा वाढल्या नाहीत तर विकतो," तो म्हणाला. रोज तीन-चारच रेघा होत होत्या. मी पुण्याला न्यायची लुगडी वेगळी काढून ठेवली. आणि सोमवारी नऊ झाल्या.

"बघ, मुंबई तुटून पडलीय! आता विकेल तो गाढव."

"पण त्या तारा आपल्याच गिरणीच्या कशावरून?"

घरात पाहुणे जेवत होते. मामा त्यांच्याकडे बघत म्हणाला, "शेअर हिचे, अक्कल माझी. हिनं आपली भाकरी थापावी." सगळे हसले. मामीसुद्धा हसली. त्या क्षणी तो माणूस मेला असता तरी मला वाईट वाटलं नसतं.

मंगळवारी दुपारी दलालाच्या बायकोनं मला पापड लाटायला बोलावलं. लाटता लाटता ती हळूच म्हणाली, "आमच्या मुलीचं इंदूरला ठरतंय. एवढ्यात कुठे बोलू नकोस हो. पण व्याह्यांच्या तारांनी जीव नकोसा केलाय. सकाळी मुहूर्त बदला, दुपारी वऱ्हाड वाढलं, संध्याकाळी परत पहिलाच मुहूर्त बरा!"

"आणि काकू, बाजाराच्या तारा?"

"त्या कुठल्या? सौदेच होत नाहीत म्हणून हे रोज कुरकुरतात."

म्हणजे वाढ पोकळ होती. मामाच्याच शास्त्रानं त्याच दिवशी विकायला हवं होतं. मी घरी आले, मामा ओसरीवर रेघा मोजत बसला होता, आणि मी त्याच्या समोरून आत गेले. एक शब्द बोलले नाही. शुक्रवारी चार माणसांत सांगायचं, त्याची फजिती अख्ख्या गल्लीनं बघायची, असं ठरवलं. तीन दिवस मी ते मनात घोळवत भाकऱ्या थापल्या.

शुक्रवारच्या वर्तमानपत्रात भाव कोसळला होता. मामा ओसरीवर तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होता. शिंपी होता, शेजारी होते. मी मोठ्यानं म्हणाले, "मामा, तुमच्या रेघा बाजाराच्या नाहीत, इंदूरच्या व्याह्यांच्या आहेत!" गल्ली पोट धरून हसली. मामाचं तोंड पाहून मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात जाऊन मी गुळाचा खडा तोंडात टाकला.

आई चुलीपाशी होती. तिनं विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"मंगळवारी."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "मंगळवारी भाव चांगला होता ना गं?"