उजळ केलेला चेहरा

आमच्या छापखान्यातल्या टचिंगबाईंना मी बारा वर्षं ओळखते. त्या मालकांना घाबरतात, मशीनमनला घाबरतात, मला तर घाबरतातच. मी प्रुफं वाचते, चुका काढणं हेच माझं पोट. त्यांचं काम छपाईआधी फोटो साफसूफ करण्याचं. त्याआधी वीस वर्षं त्या एका स्टुडिओत होत्या. गिऱ्हाईक सावळं आलं की फोटो उजळून द्यायचा, हा तिथला न सांगता पाळायचा नियम. पोटच्या लेकीचा शाळेचा फोटोसुद्धा त्यांनी उजळला. लेकीनं विचारलं, "आई, ही कोण?" हे बाईंनीच मला हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

गेल्या महिन्यात एक पुस्तक छापायला आलं. एका कृष्णवर्णी छायाचित्रकारानं आपल्याच माणसांची काढलेली पोर्ट्रेट्स: न्हावी, नर्स, मुष्टियोद्धा, एक पोटुशी बाई. काळा म्हणजे एकच रंग असं समजणाऱ्यांनी ते बघावंच. कुणाचं कपाळ निळसर काळं, कुणाच्या मानेवर तांब्याची झाक. मागचा पडदाही काळाच, तरी चेहरा त्यात बुडत नाही, रोखून बघतो. मधल्या पानावर छायाचित्रकाराची आजी. ती नुकतीच गेली होती. "हे पान सांभाळा," एवढंच तो म्हणाला होता.

छपाईच्या दिवशी तो स्वतः आला आणि मालकांच्या खोलीत बसला. त्या पानाची छपाई सुरू झाली आणि बाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात छापील कागद होता.

"काकू, ही त्याची आजी नाही हो."

मी मूळ फोटो शेजारी धरला. कागदावरची म्हातारी चांगली दोन छटा उजळ, गालावरच्या सुरकुत्या धुऊन काढलेल्या.

"हात आपोआप चालला. मला कळलंसुद्धा नाही."

प्रुफावर सही माझी होती. मी नाव तपासलं, तारीख तपासली, चेहरा नाही.

"काकू, तुम्ही सांगा ना त्याला. मला काढून टाकतील."

"मी का? केलंत तुम्ही!" मी खेकसले. खरं तर त्याला सांगायची हिंमत माझ्यातही नव्हती.

आत मशीन धडधडत होतं. प्रत्येक धडधडीला एक उजळ आजी बाहेर पडत होती. बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि तरातरा जाऊन लाल बटण दाबलं.

"अहो बाई, डोकं फिरलं का?" मशीनमन ओरडला.

मशीन बंद पडलेलं ऐकून मालक आणि छायाचित्रकार धावत आले.

"मी उजळलं," बाई कशाबशा म्हणाल्या. "सवयीनं. माझ्या लेकीलाही..."

छायाचित्रकार कागद घेऊन खिडकीपाशी गेला. मालक तोंड उघडणार तोच त्यानं हात वर केला. बाईंनी माझं मनगट असं आवळलं की घड्याळ रुतलं.

"आजीला हयातभर सगळे असंच पुसत आले," तो म्हणाला. आवाज चढला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. "आता तुम्हीच परत आणा. मी बसतो."

मूळ फोटो तसाच छापला तर शाई पसरून चेहऱ्याचा नुसता काळा गोळा होतो. एकेक छटा जपावी लागते. बाई संगणकापुढे बसल्या, तो मागे खुर्ची ओढून. दर सुरकुतीला बाई घाबरत वळून विचारायच्या, "एवढी?"

"आणखी काळी."

दुपारी नवं प्रूफ निघालं. त्यानं ते मूळ फोटोशेजारी धरलं. "हो. हीच."

बाईंनी ते माझ्यापुढे सरकवलं. या वेळी मी आधी चेहरा बघितला. म्हातारीनंही माझ्याकडे असं बघितलं, की माझी सही वाकडी आली.